हीटिंग टेप लावूनही ट्रेलरचं पाणी गोठत होतं: माझा अनुभव

माझ्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पाण्याच्या पाइपला हीटिंग टेप (पाइप गरम ठेवणारी विजेची पट्टी) लावली होती. तरी पारा उणे 15च्या खाली गेला की सकाळी सगळे नळ कोरडे, दुपारी आपोआप सुरू. पाइपवर आणखी फोम चढवला, फरक शून्य. रात्रभर नळ थेंबथेंब सोडला, तर सांडपाण्याचा पाइपच गोठला! दोन आठवडे वैतागलो.

चूक टेपच्या थर्मोस्टॅटची, म्हणजे थंडी पाहून टेप चालू-बंद करणाऱ्या भागाची, होती. तो साधारण 3 अंशांना चालू होतो, पण माझा ट्रेलरखालच्या उबदार कोपऱ्यात होता, म्हणून टेप चालूच होत नव्हती.

आधी टेपचा प्लग काढला, पाणी बंद करून पाइप रिकामा केला. थर्मोस्टॅट बाहेरच्या नळाजवळ, सर्वांत थंड जागी, पाइपला घट्ट टेकवला. तिथून टेप सरळ नेली, उघडा राहिलेला सांधाही झाकला. टेपवर टेप चढू द्यायची नाही, जळते. मग फोम, त्यावर जलरोधक पट्टी, शेवटी प्लग.

परवा उणे 22 होतं. नळ चालू होता.