इंजिन बंद करा, मग चतुर दिसतील

नदीच्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशात दिवसभराची होडी ठरवली की जास्तीत जास्त खाड्या आणि फाटे फिरून घ्यावेत असं वाटतं. चतुर (ड्रॅगनफ्लाय, पाण्याकाठी उडणारे चार पंखांचे किडे) बघायचे असतील तर याच्या उलट करायचं: दिवसात तीन-चार जागा, प्रत्येक जागी निदान अर्धा तास, आणि तिथे इंजिन पूर्ण बंद. नावाड्याला हे निघायच्या आधीच सांगा. भर पाण्यात सांगितलं तर तो पुढच्या वळणावर 'तिथे जास्त दिसतं' म्हणत होडी हाकत राहतो.

जागा पाण्यावरून ओळखायची. बहुतेक चतुर आणि टाचण्यांच्या (डॅमसेलफ्लाय, चतुरांचे बारीक अंगाचे भाऊबंद) अळ्या गोड्या पाण्यात वाढतात, खारं पाणी सहन करणाऱ्या जाती थोड्याच. त्यामुळे समुद्राकडच्या तिवरांच्या दाटीत प्रकार कमी दिसतात. सुंदरबनात वाघाच्या आशेने गेलेल्यांना चतुर फारसे दिसले नाहीत तर नवल नाही. कमळं, पाणकणीस, तरंगतं शेवाळ दिसू लागलं की पाणी गोडं झालं असं समजा. मुख्य प्रवाह गढूळ आणि वेगवान, तिकडे वेळ घालवू नका. दहा-पंधरा फूट रुंदीचा, दोन्ही काठ एकाच नजरेत मावतील असा बाजूचा फाटा उत्तम. वारा असेल तर लव्हाळ्याच्या आडोशाच्या बाजूला जा, कारण किडेही तिकडेच दडलेले असतात. वाळूचा दांडा दिसला तर मात्र थांबा. काही जाती अशा उघड्या वाळूवरच बसतात आणि हलेपर्यंत नजरेस पडत नाहीत.

मोसम ठरवताना नुसती पाण्याची पातळी बघून फसायला होतं. बोत्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाचं उदाहरण घ्या. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस तिथे पोहोचायला काही महिने लागतात, म्हणून पाणी सर्वांत जास्त जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या कोरड्या, गार हिवाळ्यात. पाणी भरपूर, पण चतुरांना ऊबही लागते, म्हणून ते दिवस टाळा. युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या मुखाशीही तोच नियम: उन्हाळ्यात जा.

दिवसाचं वेळापत्रक असं ठेवा. पहाटे पक्षी आणि प्राणी. सहा ते आठमध्ये लव्हाळ्याच्या दांड्यांवर, पाण्याच्या वर वीत-दोन वीत उंचीवर, नजर फिरवा. तिथे अळीची रिकामी कात चिकटलेली दिसेल, पाठीवर फाटलेली आणि पांढऱ्या धाग्यांसह. शेजारी नुकताच बाहेर पडलेला चतुर असू शकतो: अंग फिकट, पंख ओलसर काचेसारखे चमकणारे. त्याला बोट लावायचं नाही. पंख अजून मऊ असतात, तेव्हा वाकले तर तसेच वाळतात आणि तो कधीच नीट उडत नाही. दंवाने भिजून गारठलेले चतुरही याच वेळी फोटोला बसून राहतात. नऊ ते बारा ही खरी धावपळीची वेळ. भर उन्हात काही चतुर शेपूट सरळ सूर्याकडे उभारून शीर्षासन केल्यासारखे बसतात. अंगावर ऊन कमी पडावं म्हणूनची ती युक्ती आहे. ढग आला की सगळे गायब होतात, पण ते पळालेले नसतात, झाडोऱ्यात खाली उतरून बसलेले असतात. अशा वेळी होडी हलवू नका, ऊन परत येऊ द्या.

जवळ जाण्याची पद्धत. शक्यतो प्रवाहाच्या उलट जा म्हणजे होडी हातात राहते. प्रवाहाबरोबर वाहत गेलात तर नेमकी जागा मागे पडते. पन्नासेक मीटर आधी इंजिन बंद करून वल्ह्याने किंवा बांबूने पुढे सरका. ऊन पाठीशी घ्या, पण किंचित बाजूने, नाहीतर तुमचीच सावली त्याच्यावर पडेल आणि सावली पडली की तो उडालाच. खाली बसून राहा, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा राहिलेला माणूस त्याला लगेच कळतो. हात वर करणं, बोट दाखवणं टाळा. चौघं एकदम एका बाजूला झुकले की काय होतं ते सांगायला नको.

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. बरेच चतुर ठरलेल्या काडीवर बसतात, उडून किडा पकडतात आणि त्याच काडीवर परत येतात. उडाला म्हणून मागे जाऊ नका. काडीवर फोकस हाताने लावून ठेवा आणि थांबा. ऑटोफोकस इथे हमखास मागच्या लव्हाळ्यावर जातो. होडीतून शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान, भिंगाचं छिद्र (अॅपर्चर) एफ 8च्या आसपास, आणि कॅमेरा पंखांना समांतर. इंजिन चालू असेल तर कोपर होडीच्या काठावर टेकू नका, सगळा थरकाप फोटोत उतरतो. दुर्बीण घेताना किती दूरचं दिसतं यापेक्षा किती जवळचं दिसतं ते बघा: दोन मीटर किंवा कमी अंतरावर फोकस होणारी 8x32 (आठपट मोठं दाखवणारी, 32 मिमी भिंगाची) पुरेशी.

ओळखताना रंगावर विसंबू नका. कोवळा नर कित्येकदा मादीसारखाच पिवळट असतो, लाल किंवा निळा तो नंतर होतो. आधी बसण्याची ढब बघा: पंख आडवे पसरलेले आणि मागचे पंख बुडाशी रुंद असतील तर चतुर, अंग काडीसारखं, डोळे दोन बाजूंना लांब आणि पंख पाठीवर मिटलेले असतील तर टाचणी. काही टाचण्या पंख अर्धे उघडे ठेवून बसतात, तिथे डोळ्यांमधलं अंतर बघून ठरवा. मग तीन फोटो: बाजूने छातीवरचे पट्टे, वरून पंखांचे डाग, आणि शेपटीच्या टोकाची आकडी. नुसता वरून काढलेला सुंदर फोटो बऱ्याचदा जात ठरवायला निरुपयोगी ठरतो. वर्तनही टिपा. मादी अंडी घालायला पाण्यात शेपूट बुडवत असताना नर वर घिरट्या घालतोय की तिची मान धरून सोबत उडतोय, यानेही ओळखायला मदत होते. आफ्रिकेत पंखांवर काळे पट्टे असलेला एक चतुर मोठ्या जनावरांच्या, कधी माणसांच्याही पायांमागे उडत राहतो, पावलांनी उठलेले किडे टिपायला.

चतुर जिथे भरपूर तिथे वेडे राघू येतातच. ते पकडलेला चतुर फांदीवर आपटतात, त्यामुळे एकाच फांदीवर परत येणारा राघू दिसला तर तिथेही तीच थांबण्याची युक्ती चालते. चिखलात अन्न शोधणाऱ्या तुतारी, चिखल्या वगैरे पक्ष्यांसाठी ओहोटी लागताना जा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नका. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) ओहोटीत चिखल जास्त उघडा पडतो, पण अरुंद फाट्यात होडी रुतून बसण्याचा धोकाही तेव्हाच. पाणमांजराची जागा काठावरच्या, माशांच्या खवल्यांनी भरलेल्या विष्ठेवरून कळते.

मगरी किंवा पाणघोडे असलेल्या पाण्यात हात-पाय बाहेर सोडायचे नाहीत, आणि टाचणीच्या फोटोसाठी काठावर गुडघे टेकून बसायचं नाही. संध्याकाळी काही चतुर अंधार पडताना शिकार करतात. एका जातीच्या नराच्या मागच्या पंखांवरचा पांढरा ठिपका संधिप्रकाशात पाण्यावर लुकलुकताना दिसतो. ते बघायचे तर होडी आधीच धक्क्याला लावा आणि धक्क्यावरूनच बघा.