फळं-सुकामेव्याचं चिकन सॅलड सँडविच : पाव ओला न होऊ देता कसं करावं

हे सँडविच बहुतेक वेळा पाण्याने बिघडतं. चिकन नीट निथळलेलं नसतं, दही पातळ असतं, फळांना पाणी सुटतं आणि अर्ध्या तासात पाव लिबलिबीत होतो. म्हणून सगळी मेहनत ओल कमी करण्यावर घ्यायची.

६ सँडविचसाठी साहित्य : बोनलेस चिकन (छातीचं) ५०० ग्रॅम, चक्का १०० ग्रॅम, मेयोनीज ३ मोठे चमचे, बिनबियांची द्राक्षं १५० ग्रॅम, डाळिंबाचे दाणे अर्धी वाटी, अक्रोड किंवा बदाम पाव वाटी, भाजून सोललेले शेंगदाणे २ चमचे, छोटा कांदा, अर्धी काकडी, लिंबाचा रस १ चमचा, मिरपूड, मीठ, लोणी, १२ स्लाइस पाव.

चक्क्यासाठी आदल्या रात्री ३०० ग्रॅम दही पंच्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली भांडं ठेवा आणि सगळं फ्रिजमध्ये ढकला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ओट्यावर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबून जातं.

चिकन कुकरमध्ये लावू नका. शिट्ट्यांनी ते कोरडं आणि दोऱ्यादोऱ्यांचं होतं. पातेल्यात चिकन ठेवून ते बुडून वर बोटभर राहील इतकं गार पाणी घाला. त्यात चमचाभर मीठ, ४-५ मिरे, तमालपत्र आणि आल्याचा तुकडा टाका. मध्यम आचेवर तापवा. बारीक बुडबुडे दिसू लागले की आच अगदी मंद करा, झाकण ठेवून १०-१२ मिनिटं शिजवा, मग गॅस बंद करून तसंच १० मिनिटं राहू द्या. खळखळ उकळी येऊ देऊ नका, मांस आवळतं आणि त्यातला रस निघून जातो. सर्वांत जाड तुकडा कापून पाहा : आत गुलाबी छटा नको, निघणारा रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस भरायला हवं. उरलेलं पाणी पुलावाला किंवा रश्शाला वापरा.

चिकन ताटात काढून पूर्ण गार करा, स्वच्छ कापडाने टिपा आणि साधारण १ सेंटिमीटरचे तुकडे करा. गरम चिकनवर चक्का-मेयोनीज घातलं तर मिश्रण फुटतं आणि तेल-पाणी वेगळं होतं.

फळ निवडताना घट्टपणा पाहा. द्राक्षं धुऊन, पुसून, उभी अर्धी कापा. डाळिंबाच्या दाण्यांना सर्वांत कमी पाणी सुटतं, त्यामुळे आमची पहिली पसंती त्यालाच. मे महिन्यात नुकता पिकायला लागलेला, हाताला कडक लागणारा केसर आंबा चालतो. बालाघाटचं सीताफळ कितीही गोड असलं तरी इथे नको, त्याचा गर लगदा होऊन बसतो. जालन्याच्या मोसंबीच्या फोडी घालू नका, त्या पाणी सोडतात. लिंबाऐवजी तिचा चमचाभर रस मात्र छान लागतो. न शिजवलेलं ताजं अननस तर टाळाच : त्यातला पाचक घटक चिकन मऊ पाडतो आणि चक्का कडू करतो.

काकडीच्या बिया चमच्याने काढून टाका. कांदा बारीक चिरा. अक्रोड-बदाम मंद आचेवर ४-५ मिनिटं परतून, गार करून जाडसर कुटा. अक्रोड आधी चाखून पाहा, एखादा खवट निघाला तर सगळं सॅलड कडवट होतं.

चक्का, मेयोनीज, लिंबाचा रस आणि मिरपूड फेटा. आधी चिकन, मग कांदा-काकडी, शेवटी फळं मिसळा. मीठ अगदी शेवटी चवीपुरतं, कारण मीठ पडताच काकडी पाणी सोडू लागते. शेंगदाणे आणि सुकामेवा पावात भरायच्या क्षणी घाला, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं की चव मुरते.

पाव हलका भाजून गार करा, दोन्ही आतल्या बाजूंना कडेपर्यंत लोणी लावा. हा थर ओल अडवतो. मिश्रण २-३ मोठे चमचे पुरे.

सुकामेव्याशिवायचं सॅलड फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. बाहेर मात्र तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभराहून जास्त ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो. लाइट बराच वेळ गेली आणि सॅलड कोमट झालं तर टाकून द्या. हुरडा खायला शेतावर नेताना सॅलड स्टीलच्या डब्यात, तो डबा बर्फाच्या भांड्यात आणि पाव वेगळ्या फडक्यात न्या. भरायचं तिथेच, खायला बसताना.