भातखाचरांमधले बाली पद्धतीचे घर: या चुका टाळा

उबुदच्या उत्तरेला तेगल्लालांग, बातुकारू डोंगराच्या उतारावर जातिलुविह किंवा पूर्वेकडे सिदेमन, या भागांत भाताच्या पायऱ्यांवरची गवती छपराची घरे पाहिली की असेच एखादे घर दीर्घ मुदतीने भाड्याने घेऊन दुरुस्त करावे किंवा नव्याने बांधावे, असे अनेकांना वाटते. पुढे छप्पर गळते, भिंतींना ओल चढते, शेजारच्या शेतकऱ्याशी वाद होतो. यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते. ज्या उतारावर घर उभे राहते, तो उतार वर्षभर पाणी वाहून नेत असतो आणि कोणीतरी तो कसत असते, याचा घर बांधणाऱ्याला विसर पडतो.

दिशा ठरवताना

पहिली चूक आराखड्यातच होते. बालीतले पारंपरिक घर म्हणजे भिंतीने वेढलेले आवार असते. ‘नाताह’ या मोकळ्या अंगणाभोवती झोपण्यासाठी, विधींसाठी आणि कामांसाठी ‘बाले’ नावाची स्वतंत्र दालने उभी असतात, आणि स्वयंपाकघर व धान्याचे कोठारही वेगळे असते. ज्याने वाड्याचा चौक पाहिला आहे त्याला ही रचना लवकर उमगते, मात्र येथे चौकाच्या चार बाजू एका छपराखाली जोडलेल्या नसतात. या सर्वांची मांडणी ‘काजा’ म्हणजे डोंगराकडची आणि ‘केलोद’ म्हणजे समुद्राकडची बाजू पाहून होते. खाचरांचे दृश्य जिकडे चांगले तिकडे तोंड करून सगळे घर फिरवले की देवघराची जागा, शयनगृह आणि स्वयंपाकघर यांचा क्रम मोडतो, आणि मग स्थानिक कारागीर ते काम मन लावून करत नाहीत.

आपल्याकडच्या वास्तुशास्त्राचे पुस्तक सोबत नेणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. दक्षिण बालीत कुटुंबाचे देऊळ ईशान्येला येते, त्यामुळे सगळे जुळते असे वाटते; पण डोंगर बेटाच्या मध्यभागी असल्याने उत्तरेकडच्या बुलेलेंगमध्ये काजा म्हणजे दक्षिण ठरते आणि तोच कोपरा आग्नेयेला सरकतो. आपण उत्तरेकडे डोके करून झोपत नाही, तर दक्षिण बालीत काजा असलेली तीच दिशा डोक्यासाठी चांगली मानतात. जोते घालण्यापूर्वीच ‘उंदागी’ला, म्हणजे पारंपरिक वास्तुकाराला, बोलवावे. तो मापे घरमालकाच्या शरीरावरून घेतो. पसरलेल्या दोन हातांची लांबी, कोपरापासून बोटांपर्यंतचा ‘हस्त’ आणि ‘मुस्ती’, म्हणजे आपली मूठ, ही त्याची एकके आहेत. आराखडा त्याच्याशी ठरवून खाचरांकडे पाहत बसण्यासाठी एक उघडी बाले ठेवली, तर दोन्ही हेतू साधतात.

छपराच्या तक्रारी

सर्वाधिक खर्च छप्परच करवते. दर्भासारख्या दिसणाऱ्या आलांग-आलांग या गवताच्या पेंढ्या बांबूच्या कामट्यांवर दाट बसवतात. पाण्याचा थेंब गवतात मुरण्यापूर्वीच घसरून पागोळीला लागावा, यावर या छपराची सारी भिस्त असते. म्हणून उतार किमान 45 अंशांचा हवा. खोल्या मोठ्या करण्याच्या नादात किंवा घर ठेंगणे दिसावे म्हणून उतार कमी केला, की गवत आतून कुजू लागते आणि कितीही शाकारले तरी गळती थांबत नाही. गळती आढ्यावर असेल तर बहुधा तेथील आच्छादन सरकलेले असते आणि तेवढीच दुरुस्ती पुरते. छपराच्या मधल्या भागात दिवसा आतून उजेडाचे ठिपके दिसत असतील, तर पेंढ्या विरळ झाल्या आहेत असे समजून तेवढा पट्टा बदलावा. शेवाळ एकाच पाख्यावर धरत असेल, तर त्यावर सावली टाकणाऱ्या फांद्या आधी छाटाव्यात.

वातानुकूलनासाठी उघड्या बालेला चारही बाजूंनी काचा लावणे, ही या घराबाबतची सर्वांत वाईट सुधारणा आहे, असे माझे मत आहे. गवताला खालून वारा लागणे आवश्यक असते. तो बंद झाला की बुरशी येते. थंड खोली हवीच असेल तर एकच खोली वेगळ्या सपाट छताची करावी आणि ते छत व गवत यांमध्ये हवा खेळती ठेवावी. छपराची शाकारणी पावसाळ्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरच्या आत, उरकावी.

खांब आणि जमीन

लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा करण्याऐवजी काँक्रीटमध्ये गाडला, तर ओल थेट लाकडात चढते आणि वाळवीला वाट मिळते. बालीत खांब उभारताना झाडाच्या मुळाकडची बाजू खालीच ठेवतात. उलटा खांब अशुभ मानला जातो. बांबूतून पिठासारखा भुसा पडू लागला तर तो प्रक्रिया न केलेला आहे हे ओळखावे. नवा घेताना बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवलेलाच घ्यावा. भिंतींच्या मऊ ‘पारास’ दगडावर तैलरंग फासल्यास आतली ओल बाहेर पडत नाही आणि दगडाचे पापुद्रे निघतात.

भिंतीला पायऱ्यांसारखी तिरकी भेग गेली असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी घराच्या वरचे खाचर पाहावे. तेथील पाणी जमिनीतून पाझरून पाया भिजवत असते. वरच्या बाजूला आडवी चर खणून ते पाणी वळवावे, आणि नव्या कामात मऊ चिखलाचा थर पूर्ण काढल्याशिवाय पाया भरू नये.

कागद

परदेशी व्यक्तीला इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. 1960 चा भूमी कायदा तसे स्पष्ट सांगतो. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन ‘खरा मालक मी’ असा खासगी करार करणे ही धोक्याची वाट आहे. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा घ्यावा, आणि हरित पट्ट्यात बांधकाम चालते का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

पाणी कोणाचे

सगळ्यात महागात पडणारी चूक पाटाशी केलेली छेडछाड ही होय. खाचरांचे पाणी ‘सुबाक’ या शेतकऱ्यांच्या संघटना वाटतात. 2012 मध्ये युनेस्कोने या व्यवस्थेसह जातिलुविहसारख्या प्रदेशांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा सामुदायिक हिशेब परका वाटणार नाही. वाटणी ‘तेंबुकू’ नावाच्या ओंडक्याने होते; त्यातल्या खाचांच्या रुंदीच्या प्रमाणात प्रत्येकाचा वाटा वाहतो. पोहण्याच्या तलावासाठी पाट वळवणे, कुंपणाने तो अडवणे किंवा सांडपाणी त्यात सोडणे, यांतल्या कशानेही खालच्या सर्व खाचरांचे नुकसान होते. भूजल वर असल्याने शोषखड्डाही येथे कामाचा नाही. पूर्ण बंदिस्त टाकीच बसवावी.

तोडगा एकच आहे. बांधकामापूर्वी सुबाकच्या प्रमुखाला, म्हणजे ‘पेकासेह’ला, भेटून आवारातून कोणता पाट जातो आणि त्याच्या सफाईसाठी किती जागा मोकळी लागते, हे विचारावे. त्यानंतर कुंपणाची रेघ पाटापासून तेवढी मागे आखावी आणि शेतकऱ्यांना फावडे घेऊन आत येता यावे म्हणून त्या बाजूला बिनकुलपाचे एक फाटक ठेवावे.