प्रतिफळाचा हिशेब देवाकडे कसा सोपवावा

सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. रात्री तीनला त्यांना कुशीवर वळवून ओली चादर ओढून काढताना मी मनात मोजायचे, आज तिसऱ्यांदा. नणंद आली की ते सगळं तिला ऐकवायचे. "वहिनी, तुम्ही आहात म्हणून," ती म्हणायची, आणि मला संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, लोकांनी पाहावं म्हणून दान करणारे आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत. मूळ ग्रीक शब्द त्या काळच्या पावत्यांवर 'पूर्ण पावले' अशा अर्थाने यायचा. माझी पावती मी दर भेटीला फाडत होते.

आधी पाया पक्का करा. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे, कर्मांनी नाही (इफिस २:८-९). प्रतिफळ म्हणजे स्वर्गात शिरायचं भाडं नव्हे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ३) प्रेषित पौल सांगतो की ख्रिस्त या पायावर कोणी सोनं-रुपं रचतो, कोणी गवत-पेंढा. अग्नी ते पारखील. काम जळालं तरी माणूस स्वतः तारला जाईल. काम कमी पडलं तर तारण जाईल ही भीती गेली की हात मोकळे होतात.

मग रोज एक काम गुप्त ठेवा. लहानच निवडा, प्रभूने गार पाण्याचा प्यालाही मोजला आहे. खरी अडचण येते सूचक बोलण्याची: "काल झोपच नाही झाली हो..." हे ओठांवर आलं की तिथेच थांबा आणि तेच वाक्य प्रार्थनेत पित्याला सांगा. मदत हवी असेल तर मात्र सरळ मागा, त्यात काही कमी होत नाही.

कामावर पौलाच्या कलस्सैकरांच्या पत्रातलं ३:२३-२४ आठवा: जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. ते शब्द दासांना लिहिले होते. ज्यांना धन्याच्या घरात वारसा नव्हता, त्यांना प्रभूकडून वतन मिळेल असं पौल सांगतो. पण हे वचन दाखवून कुणाची मजुरी दाबू नका. पुढच्याच अध्यायात तो धन्यांना न्यायाने वागायला सांगतो.

स्वतःची पारख करायची तर मत्तय २० मधल्या दाखल्यातले द्राक्षमळ्याचे मजूर घ्या. तासभर राबलेल्यालाही पूर्ण रोज मिळाला, हे वाचून चिडचिड झाली तर मनातली हिशेबाची वही पुन्हा उघडली आहे असं समजा.

माझी शेवटच्या महिन्यात उघडली होती. नणंद दोन दिवसांसाठी आली आणि सासूबाईंनी तिच्याच डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मी चादर उचलून मोरीत गेले, नळ सोडला आणि पित्याला म्हटलं, "मला वाईट वाटलं." मग साबण लावला.