गाडगेबाबांचा चिंध्यांचा अंगरखा: मुलासाठी घरी कसा शिवावा

२३ फेब्रुवारीची गाडगेबाबांची जयंती जवळ आली की नाशिकच्या शाळांतल्या पालकांची पोशाखासाठी धावपळ सुरू होते. बहुतेक घरांत चांगला सदरा ब्लेडने फाडतात, त्यावर माती चोळतात, वर मुलाच्या गालाला कोळसा फासतात. हे टाळा. बाबांचा वेश तुकडे जोडून शिवलेला असे, म्हणून तर लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणत. गावात पाऊल ठेवताच खराटा हाती घेणाऱ्या माणसाला मळकट दाखवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला वडिलांचा जुना, अर्ध्या बाह्यांचा सुती सदरा गुडघ्यापर्यंत येतो. त्याची कॉलर आणि खिसा उसवून काढा. ठिगळांसाठी जुनं धोतर, विरलेलं लुगडं, उशीचे अभ्रे घ्या. बोहारणीला द्यायला काढलेल्या गाठोड्यात हे सगळं सापडतं. कोरं कापड वापरू नका. पहिल्या धुण्यात ते आटतं आणि शेजारचं जुनं कापड ओढून फाडतं. टेरिकॉटही नको, त्याची चकाकी स्टेजच्या दिव्यात लगेच दिसते. एखादा तुकडा फार पांढरा असेल तर दोन लिटर पाण्यात चार चमचे चहापूड उकळून गाळा आणि त्यात तो अर्धा तास भिजवा.

तीन ते सहा इंचांचे वीस-पंचवीस तुकडे पुरतात. सगळे चौकोनी कापले तर अंगरखा विकतच्या रजईसारखा दिसतो, म्हणून आकार वेगवेगळे ठेवा. कडा पाव इंच आत दुमडून जाड दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाला, टाका दाण्याएवढा. ठिगळं कुठे लावायची हे कापडच सांगतं. खांदा, कोपर, बगल, खालची कड इथे ते खरोखर झिजतं. छातीवर ओळीने लावलेली ठिगळं सजावट वाटतात. सेफ्टीपिनांवर भागवू नका, मुलगा झाडायला वाकला की त्या टोचतात.

डोक्यावरच्या गाडग्याच्या खापराला खरी माती नको, जड होते आणि घसरते. स्टीलच्या वाडग्यावर पातळ प्लास्टिक पसरा, मैद्याच्या खळीने रद्दीचे पाच थर चिकटवा, दोन दिवस उन्हात वाळवून गेरू लावा. आत कापडाची चुंबळ बसवा. एका कानाला दोऱ्याने कवडी, दुसऱ्याला फुटक्या बांगडीची काच. काचेऐवजी प्लास्टिकच्या बांगडीचा तुकडा घ्या. खराटा दोन फुटांचा कापून द्या.

मुलाच्या हाती भिक्षापात्र देऊन हात पसरायला लावू नका. बाबा काम करून मगच भाकरी घेत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः चिंध्यांतच राहिले. म्हणून प्रवेश झाडण्याने करवा. दोन मिनिटं खरोखर स्टेज झाडू द्या, बोलणं त्यानंतर.

कार्यक्रम झाला की अंगरखा थंड पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवा. मशीनमध्ये टाकला तर ठिगळांच्या कडा उसवतात. पुढच्या वर्षी तोकडा झाला तर खालून आणखी एक पट्टी जोडा.