रिझर्व्हचा दिवस म्हणजे सुट्टी नव्हे: नव्या रिजनल पायलटांनो, या चुका टाळा

लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवर, आल्यानंतरचा रिझर्व्हचा माझा तिसरा दिवस. रिझर्व्ह म्हणजे ठरलेलं उड्डाण नसताना कंपनीच्या फोनसाठी तयार राहणं. आरएपी, म्हणजे फोनवर हजर राहण्याची वेळ, दुपारी १२ ते रात्री २. सवयीप्रमाणे सकाळी सहाला उठलो, कपडे धुतले, जिमला जाऊन आलो, आठवड्याचं सामान आणलं आणि दुपारभर मॅन्युअल चाळत बसलो. फोन वाजला रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी. साडेदहाला रिपोर्ट, म्हणजे ड्यूटीवर हजेरी, शिकागोच्या ओहेअर विमानतळाहून एकच लेग (उड्डाण), तिकडेच मुक्काम. उतरायच्या वेळी एक वाजत आला होता. कंट्रोलरने दिलेली फ्रिक्वेन्सी मी दोनदा चुकीची वाचून दाखवली. तिसऱ्या वेळी कॅप्टनने काही न बोलता स्वतःच ती लावली आणि उत्तर दिलं. तेव्हा मला जागं राहून १९ तास झाले होते. कागदावर सगळं नियमात होतं, तयार नव्हतो तो मीच.

अमेरिकेतल्या रिजनल, म्हणजे जवळच्या मार्गांवर लहान विमानं चालवणाऱ्या, एअरलाइनमध्ये नवा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) सिनियॉरिटी यादीच्या तळाशी असतो. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने, कधी वर्षभराहूनही जास्त, रिझर्व्हवर जातात. बरेच जण इन्स्ट्रक्टर म्हणून दीड हजार तास जमवून आलेले असतात. रोज उडायची सवय असते आणि इथे एकदम बसून राहायचं असतं. बसून कसं राहावं, याचं प्रशिक्षण कुणीच देत नाही. म्हणून ज्या चुका मी केल्या, आणि नंतर क्रॅशपॅडवर (वैमानिक मिळून भाड्याने घेतात ती विमानतळाजवळची जागा) नव्या मुलामुलींना करताना पाहिल्या, त्या इथे लिहितो आहे.

झोपेचा हिशेब सकाळपासून मांडणं

सगळ्यात मोठी चूक हीच. फेडरल नियमावलीचा भाग ११७ हा ४ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्याप्रमाणे शॉर्ट कॉलचा, म्हणजे फोन आल्यावर थोड्याच वेळात हजर व्हायच्या रिझर्व्हचा, आरएपी जास्तीत जास्त १४ तासांचा असतो आणि त्याआधी सलग १० तास विश्रांती मिळालीच पाहिजे. त्या विश्रांतीत ८ तास अखंड झोपेची संधी हवी. कंपनी फक्त संधी देते. तिचा उपयोग करायचा की मालिका बघत जागायचं, हे आपल्या हातात असतं.

हा नियम का आला, ते विसरू नका. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचं ३४०७ हे विमान बफेलोजवळ कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, अशी ५० माणसं गेली. फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअॅटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला ड्यूटीवर आली होती. तपासात कॅप्टनने ऐन वेळी केलेली चुकीची कृती मुख्य कारण ठरली, पण दोघांच्या थकव्याचीही नोंद झाली. त्या अहवालातली फर्स्ट ऑफिसरच्या प्रवासाची पानं प्रत्येक नव्या पायलटाने एकदा वाचावीत. वाचताना कुठेतरी आपलाच दिनक्रम दिसतो.

आता उपाय. झोपेची आखणी करताना आरएपी सुरू कधी होतो ते बघू नका, संपतो कधी ते बघा. दुपारी १२ ते रात्री २ असा आरएपी असेल, तर झोप पहाटे ३ ते सकाळी ११. सहाला जाग आलीच, तर पडदे ओढून पुन्हा आडवं व्हा. तेही जमलं नाही, तर संध्याकाळी पाचच्या सुमारास दीड तास डोळे मिटा. आरएपी चालू असताना झोपणं हा आळस नाही. मी तर त्याला कामाचाच भाग मानतो.

पहाटे ३ वाजता सुरू होणारा आरएपी जास्त अवघड, कारण संध्याकाळी सातला शरीर झोपायला तयार होत नाही. त्या दिवशी दुपारनंतर कॉफी बंद, जेवण लवकर, खोलीत अंधार. तरीही झोप तुटक लागली, तर पहाटे तीनला उठून गणवेश चढवून खुर्चीत बसू नका. गणवेश हँगरवर तयार ठेवा आणि फोन वाजेपर्यंत पडून राहा. पहाटे २ ते ६ ही वेळ शरीराला सगळ्यात जड जाते, आणि नियमांनीही ती वेगळी धरली आहे.

फोनची सेटिंग आजच करा. डू नॉट डिस्टर्ब चालू, पण शेड्युलिंगच्या, म्हणजे ड्यूट्या वाटणाऱ्या विभागाच्या, सगळ्या नंबरांना त्यातून सूट. सगळ्या म्हणजे खरोखर सगळ्या, कारण रात्रीच्या डेस्कचा नंबर कधीकधी वेगळा असतो. माझी आई भारतातून, पूजा आटोपून, सकाळी साडेनऊला फोन करायची. उन्हाळ्यात तेव्हा शिकागोत रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि पहाटेच्या आरएपीचा माणूस गाढ झोपेत असतो. तिला दोनदा समजावलं, मग ठरवून टाकलं की मीच फोन करणार. तिला थोडं वाईट वाटलं. पण महिन्याचं रोस्टर तिला पाठवायला लागलो, तशी तीच विचारू लागली, "आज पहाटेचं आहे ना रे? मग झोप आता."

घड्याळाचं गणित शेड्युलरवर सोडणं

शेड्युलर वाईट नसतात. वादळाच्या संध्याकाळी एकेकाच्या पुढ्यात ३० विस्कटलेल्या ट्रिपा असतात. संगणकही चुकतो, माणूसही चुकतो, आणि चुकीची ड्यूटी स्वीकारली तर नियम तुम्हालाही जबाबदार धरतो.

एक उदाहरण घ्या. आरएपी पहाटे ४ ला सुरू झाला. दुपारी २ ला फोन येतो, ४ ला रिपोर्ट. दोनच वैमानिक असलेल्या विमानात आरएपी आणि फ्लाइट ड्यूटी मिळून एक कमाल मर्यादा असते. रिपोर्टच्या वेळेप्रमाणे नियमातल्या तक्त्यात दिलेली ड्यूटी अधिक ४ तास, किंवा सरळ १६ तास, यांतलं जे कमी ते. आणि मोजायचं आरएपीच्या सुरुवातीपासून. दुपारी ४ च्या रिपोर्टला तक्ता चार लेगपर्यंत १२ तास देतो. १२ अधिक ४ म्हणजे १६. पहाटे ४ पासून १६ तास म्हणजे रात्रीचे ८. आठच्या आत शेवटचं विमान गेटवर लागून उभं राहिलं पाहिजे. दिलेली ट्रिप पावणेनऊला संपत असेल, तर ती तुमची नाही.

नवे लोक इथे दोन तऱ्हांनी चुकतात. एक, मर्यादा रिपोर्टपासून मोजतात आणि पहाटेपासूनचे तास विसरतात. दोन, लक्षात येऊनही संकोचाने गप्प बसतात. तुम्ही इतकंच म्हणा: "माझा आरएपी चारला सुरू झाला, त्यामुळे माझी मर्यादा रात्री आठला संपते. एकदा तपासून घ्याल का?" आवाज चढवायचा नाही, कलमांचे आकडे तोंडावर फेकायचे नाहीत. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा पलीकडून "थांबा, बघतो" असंच येतं.

अनपेक्षित उशीर झाला, तर उड्डाणापूर्वी मर्यादा २ तासांपर्यंत वाढवता येते, पण त्याला कॅप्टनची संमती लागते. शिवाय दर लेगआधी तुम्ही स्वतः ड्यूटीसाठी तंदुरुस्त असल्याचं मान्य करायचं असतं. आपण तिथे सवयीने बटण दाबतो. दाबण्याआधी तीन सेकंद थांबा. उत्तर "नाही" असेल, तर फटीग कॉल करा, म्हणजे थकव्यामुळे उडू शकत नाही असं कळवा, मग रिपोर्ट लिहा, आणि त्यात फक्त घडलेलं लिहा: किती वाजता उठलो, किती झोपलो, फोन कधी आला. "कंपनीने माझे हाल केले" हे वाक्य त्या कागदावर नको. नवा आहे म्हणून फटीग कॉल करता येत नाही, असं क्रॅशपॅडवर कुणी सांगितलं, तर त्याचं ऐकू नका.

आरएपी सुरू होण्याआधी फोन वाजला तर? तुम्ही विश्रांतीत आहात, तो उचलण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

हात गंजू देणं

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सिम्युलेटरमधली शेवटची परीक्षा झाली की १२० दिवसांत लाइनवर १०० तास पूर्ण करायचे असतात. मुदत १५० दिवसांपर्यंत वाढते, पण त्यासाठी उजळणीचं प्रशिक्षण किंवा चेक एअरमनची, म्हणजे परीक्षक वैमानिकाची, तपासणी लागते. रिझर्व्हवर महिन्याला २० तास मिळत असतील, तर गणित कुठे जातंय ते दिसतंच. कंपनी लक्ष ठेवते, पण तुम्हीही वहीत मोजा. साठावा दिवस उलटला आणि तास चाळिशीच्या आत असतील, तर चीफ पायलटच्या ऑफिसला आणि शेड्युलिंगला लेखी कळवा. रिझर्व्हवरच्यांना आपणहून ट्रिप मागायची सोय असेल, तर रोज मागा. त्याशिवाय ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट आहेच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या प्रकारच्या विमानात फर्स्ट ऑफिसर म्हणून १०० तास व्हायच्या आधी काही परिस्थितींत टेकऑफ आणि लँडिंग कॅप्टननेच करायचं असतं. दृश्यमानता पाऊण मैल किंवा कमी, रनवेवर साचलेलं पाणी किंवा बर्फ, ब्रेकिंग चांगल्याहून कमी, क्रॉसविंड १५ नॉट्सच्या वर, अशी ती यादी आहे. रिझर्व्हवरचा माणूस ऐन वेळी ट्रिपवर येतो आणि कॅप्टन त्याला पहिल्यांदाच भेटत असतो. तुमचे ६२ तास झालेत, हे त्यांना तुमच्या चेहऱ्यावरून कसं कळणार? मी एकदा हे सांगायला विसरलो. अप्रोचच्या, म्हणजे उतरण्याआधीच्या, ब्रीफिंगमध्ये वारा १८ नॉट्स आडवा असल्याचं ऐकलं, आणि तेव्हा कुठे बोललो. कॅप्टनने शांतपणे विमान हातात घेतलं, पण ती देवघेव दहा हजार फुटांच्या खाली, उतरण्याच्या गडबडीत झाली. ती जमिनीवर, गेटवर व्हायला हवी होती.

आता हस्तांदोलन झालं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "माझे इतके तास झालेत आणि गेले १९ दिवस मी उडलेलो नाही." यात कमीपणा काही नाही. बहुतेक कॅप्टन खुर्ची मागे सरकवून म्हणतात, "बरं झालं सांगितलंस, सावकाश करू."

घरी सरावासाठी कॉकपिटचं पोस्टर भिंतीवर लावा, खऱ्या मापाचं. रोज सकाळी वीस मिनिटं सगळे फ्लो, म्हणजे बटणं-स्विचांवरून ठरलेल्या क्रमाने हात फिरवणं, करा आणि कॉलआउट, म्हणजे ठरलेली घोषवाक्यं, मोठ्याने म्हणा. मनात म्हटलेला कॉलआउट ऐन वेळी जिभेवर येत नाही. जिथे आपली विमानं जास्त जातात, त्या विमानतळांचे चार्ट आठवड्याला दोन या हिशेबाने वाचून ठेवा.

अंतर नकाशावर मोजणं

रिपोर्टला दोन तास मिळतात, म्हणजे पुष्कळ झाले, असं वाटतं. त्यात अंघोळ, गणवेश, संध्याकाळी पाचची वाहतूक, कर्मचाऱ्यांचं पार्किंग, तिथून बस आणि सुरक्षा तपासणी बसवून बघा. एकदा संध्याकाळी पाचला खरोखर जाऊन वेळ लावा.

दुसऱ्या शहरात राहून शॉर्ट कॉलला घरून जंपसीटवर (कॉकपिटमधली जादा खुर्ची) बसून पोहोचू, असा विचारही करू नका. आदल्या दिवशी निघा, आणि हाताशी निदान दोन फ्लाइट असताना निघा. शेवटच्या फ्लाइटवर जंपसीट आधीच कुणी घेतली असेल, तर रात्र गेटवर जाते आणि विश्रांतीचे ते दहा तास नुसते नावाला उरतात. लाँग कॉल, म्हणजे फोननंतर हजर व्हायला बराच वेळ देणारा रिझर्व्ह, मिळाला, तर बरीचशी अडचण सुटते. म्हणून बिड करताना, म्हणजे महिन्याच्या कामाची पसंती कळवताना, सिनियॉरिटी अपुरी वाटली, तरी तो वर टाकत राहा.

बॅग चार रात्रींची भरलेली ठेवा, फोन एका रात्रीचा आला तरी. लायसन्स, मेडिकल सर्टिफिकेट आणि पासपोर्ट तिच्यातच ठेवा. कॅनडा किंवा मेक्सिकोचा लेग अचानक निघतो. आयपॅडवरचे चार्ट आरएपीच्या आधी अपडेट करून ठेवा, फोन आल्यावर नाही.

पैशांचं थोडक्यात: कंपनी महिन्याला जितक्या तासांच्या पगाराची हमी देते, तेवढ्यावरच खर्च बसवा. जास्तीचे तास आणि ट्रिपवरचा भत्ता धरून गाडीचा हप्ता ठरवू नका. आणि दारूबद्दल: फेडरल नियम ८ तासांचा आहे, कंपनीचा बहुधा त्याहून कडक असतो. फोन कधी येईल माहीत नसताना तास मोजत बसण्यात अर्थ नाही. रिझर्व्हच्या दिवसांत मी घेतच नाही.

फोन चुकलाच तर

चुकतो. अंघोळीत असता, लिफ्टमध्ये रेंज जाते. दिसल्या क्षणी उलट फोन करा. आधी मेसेज, मग विचार, मग फोन, असं नको. कारण एका वाक्यात सांगा आणि लगेच विचारा, "मी आता कुठे, किती वाजता पोहोचू?" कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, वेळेवरून प्रश्न निघाला तर युनियनच्या प्रतिनिधीला तोच लागतो. खोटं मात्र सांगू नका. शेड्युलिंगच्या फोनचं रेकॉर्डिंग होतं असं धरूनच चाला.

घरच्यांना अंधारात ठेवणं

"आज घरीच आहेस ना, मग बँकेत जाऊन ये" हे वाक्य माझ्याही घरी झालंय. चूक माझी होती. घरी असणं आणि मोकळं असणं यातला फरक मी कधी समजावलाच नव्हता. आता महिन्याचं रोस्टर आलं की बायको ते फ्रिजवर लावते. आरएपीचे तास निळ्या पेनाने, माझी झोप हिरव्याने, आणि खरोखर मोकळे दिवस लाल गोलात. बँक, दवाखाना, मुलीच्या शाळेची मीटिंग, सगळं लाल गोलात जातं. हिरव्या पट्ट्यात मुलगीसुद्धा दार हळू लावते.