शॉकअप बदलले तरी गाडी बसलेलीच? जुन्या फोर बाय फोरवाल्यांनो, या चुका टाळा

माझ्या जुन्या जिप्सीचे बूड मागून खाली आले तेव्हा गॅरेजवाल्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, "काका, शॉकअप गेलेत." मीही मान डोलावली. नाना पेठेत जाऊन नवी जोडी आणली, बसवली, आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पाहतो तर गाडी होती तेवढीच बसलेली. शॉकअप खरेच गेले होते, पण गाडी त्यांच्यामुळे बसली नव्हती.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत सर्वात जास्त पैसा इथेच वाया जातो. गाडीचे वजन पेलतो तो पाटा (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) किंवा कॉइल स्प्रिंग. शॉकअप फक्त त्याची उसळी आवरतो. गाडी बसली असेल तर पाटे बघा, स्पीडब्रेकरनंतर झुलत राहत असेल तर शॉकअप बघा. गॅसचा मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉकअप थोडी उचल देतो हे खरे, पण ती शोधायला टेप लागेल.

शॉकअप तपासायला बंपर दाबून सोडायची आणि गाडी किती झुलते ते बघायची परीक्षा कारला ठीक आहे. पाट्यांच्या गाडीत पाट्यांचे आपसातले घर्षणच झोका मारून टाकते, त्यामुळे मेलेला शॉकअपही पास होतो. त्यापेक्षा खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवा, थांबा आणि चारही शॉकअपच्या नळकांड्यांना जपून हात लावा. शॉकअप चाकाच्या हालचालीची उष्णता करून ती तेलात घेतो. म्हणून काम केलेला गरम लागतो, नुसता लटकलेला थंड. बाहेरून तेलाचा पातळ ओलावा दिसला तर घाबरू नका. ओघळ दिसला तर मात्र जोडी बदला. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना ही काटकसर वळणावर महाग पडते.

आणखी एक गोष्ट. कोकणात वारंवार जाणाऱ्यांचे पाटे गंजून एकमेकांना जखडतात. गाडी दगडासारखी आपटू लागते आणि माणूस मऊ शॉकअप शोधत फिरतो. पाटे उघडून, घासून, ग्राफाइट ग्रीस लावून बसवले की कित्येकदा खर्च तिथेच थांबतो.

गाडी किती बसली हे नजरेने ठरवू नका, आणि जमिनीपासून फेंडरपर्यंतही (चाकावरच्या पत्र्यापर्यंत) मोजू नका, कारण त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावा आणि चारही आकडे लिहून ठेवा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे बहुतेक जुन्या गाड्या उजवीकडे कललेल्या निघतात.

मग येते वजन. "हेवी ड्यूटी द्या" म्हणून पाटे मागणारे पुण्यात पुष्कळ, आपल्या गाडीचे वजन सांगू शकणारे थोडे. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचे यंत्र) म्हणजे बॉनेटवर एक माणूस कायमचा बसवल्यासारखे. ६० लिटर डिझेल साधारण ५० किलो. वर कॅरियर, मागे जास्तीची स्टेपनी, डबा आणि हत्यारे. चाकण-भोसरीकडे ट्रकचे वजनकाटे जागोजागी आहेत. नेहमीचे सामान भरून जा, आधी फक्त पुढची चाके काट्यावर चढवून पावती घ्या, मग पूर्ण गाडीची घ्या. वजाबाकी केली की मागचे वजन मिळते. हे दोन आकडे घेऊन गेलात तर दुकानदार तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलतो.

वर्षातून दोनदा सहा माणसे आणि सामान घेऊन जायचे म्हणून जादा पाटा घालू नका. उरलेले तीनशे साठ दिवस तुम्ही कर्वे रोडवर एकटेच असता. रिकाम्या गाडीखाली कडक पाटा चाकाला जमिनीवर टिकू देत नाही, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना ते कळते. शिवाय पाटा कडक केला की उलट उसळी आवरणारा शॉकअपही तेवढ्याच ताकदीचा लागतो. म्हणून आधी पाटे ठरवा, मग त्यांना साजेसे शॉकअप. आपण नेमके उलटे करतो, कारण शॉकअप रंगीत असतात.

लांबीची चूक मी स्वतः केली आहे. उंच केलेल्या गाडीसाठीचे लांब शॉकअप स्वस्तात मिळाले, ते मी मूळ उंचीच्या जिप्सीला लावले. ताम्हिणीत एका खड्ड्यात मागचे चाक पूर्ण वर आले. अ‍ॅक्सल (दोन चाकांमधला दांडा) बंप स्टॉपवर, म्हणजे दणका झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, टेकण्याआधीच शॉकअप पूर्ण मिटला आणि सगळा दणका वरच्या ब्रॅकेटने घेतला. तो चासीपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, उखडला. माणगावात वेल्डिंगवाला सापडेपर्यंत संध्याकाळ झाली.

हिशोब सोपा आहे. गाडी सपाट जागी उभी असताना शॉकअपच्या दोन्ही टोकांमधले अंतर मोजा, समजा ४०० मिलिमीटर. अ‍ॅक्सल आणि बंप स्टॉपमधली फट ७५, आणि रबर आणखी २५ दबेल असे धरा. म्हणजे नवा शॉकअप मिटल्यावर ३०० पेक्षा कमी भरला पाहिजे, तोही थोडी सूट ठेवून. मग जुना शॉकअप सोडून चासी जॅकवर घ्या, अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू द्या आणि तेच अंतर मोजा. नवा शॉकअप उघडल्यावर त्याहून आखूड असेल तर तो दोरीसारखा ताणला जाईल आणि आतून तुटेल. लोंबत्या अवस्थेत ब्रेकचा होजपाइप ताणला जात नाही ना, हेही तेव्हाच बघा. हा हिशोब पाट्यांच्या अ‍ॅक्सलचा. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारे) असेल तर शॉकअप चाकापेक्षा कमी हलतो, तिथे त्या मॉडेलसाठी बनलेलाच घ्या.

जुनी सफारी किंवा २०१० नंतरची पहिली थार सीआरडीई असेल तर पुढे टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळून स्प्रिंगचे काम करणारी दांडी. त्याचा बोल्ट आवळून पुढचा भाग उचलता येतो, पण बार त्याने कडक होत नाही. फक्त चाकाची खाली जायची जागा संपते आणि ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो. बार काढायचा झालाच तर खुणा करा आणि डावा-उजवा अदलाबदल करू नका.

उंची वाढवायची हौस असणाऱ्यांना एवढेच सांगतो: कॅस्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग अक्षाचा मागे-पुढे कल) बदलला की स्टिअरिंग भरकटते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि मागच्या ब्रेकला भाराप्रमाणे दाब देणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याला गाडी रिकामी झाल्यासारखे वाटते. वर गाडीतल्या फेरबदलांवर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. विम्याच्या दाव्याच्या वेळी ते आठवण्यात अर्थ नसतो.

आता बसवणे. चांगला माल इथे मरतो. गाडी जॅकवर असताना पाट्याचे आणि शॉकअपचे बोल्ट पूर्ण आवळले की आतले रबरी बुश लोंबत्या स्थितीत पकडले जातात. चाके खाली टेकताच बुश पिळतात आणि थोड्याच दिवसांत फाटतात. बोल्ट हाताने लावा, गाडी खाली घ्या, थोडी हलवा, मग आवळा. मी गॅरेजमध्ये यासाठी उभा राहतो, चहा घेतो, पण हलत नाही. ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला) शॉकअप आडवा पडून आलेला असतो. बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण उघड-मीट करा, म्हणजे आतली हवा वर सरकते. तो उलटा कधीच लावू नका. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट एकदा ताणलेले असतात, पाटे उघडले की नवेच घाला.

काम झाल्यावर खडखड आली तर शॉकअप परत करायला धावू नका. आधी वरचे नट, मग शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश, मग अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे झुकणे आवरणारी दांडी) असेल तर त्याच्या लिंक बघा. सरळ जाताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर पाट्याचा सेंटर बोल्ट अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसलाय का ते पाहा, कारण नसेल तर अ‍ॅक्सलच तिरका उभा आहे. तीन-चारशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे थोडे बसतात, म्हणून महिन्याने टेप काढा आणि चारही आकडे पहिल्यांच्या शेजारी लिहा.